संतोषच्या भाकरीत काय होतं

मी आता जे सांगणार आहे ते माझ्या सुनेला माहीत नाही. इंदापूरच्या शब्बीरभाईंना माहीत नाही. सख्ख्या बहिणीला नाही. ज्याला माहीत असायला हवं होतं तो राहिला नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडायला बसले — आणि तरी बघा, उघडत नाहीये.

चौथी शिकलेली बाई मी. सांगवीला आमचं थोडं बागायत रान आहे. भेंडी तोडायची, वांगी तोडायची, क्रेट भरायचे, यात जन्म गेला. मला गोड बोलता येत नाही. गावात म्हणतात, म्हातारी तोंडावर बोलते. बोलते ना. सगळ्यांच्या तोंडावर बोलते. एवढी एक गोष्ट सोडून.

आधी पिण्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नवरा प्यायचा. तो गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी कधी लपवलं नाही. मग लेक प्यायला लागला — संतोष, एकुलता एक. त्याचा छोटा टेम्पो होता. आमच्या आणि आजूबाजूच्या रानातला माल सकाळी बारामतीच्या मंडईत पोचवायचा, हा त्याचा धंदा. गाडीवर हात चांगला होता. माणूसही चांगला होता. पिणारी माणसं पुष्कळदा चांगलीच असतात हो, तोच तर घोळ आहे. वाईट असती तर सोडून देता आली असती.

आमच्याकडं पिणाऱ्याच्या घरातल्या बाईला एक काम जास्तीचं असतं — झाकायचं. कुणाचा फोन आला, "संतोष कुठं हाय, माल पडलाय," की मी म्हणायची, "पित्त झालंय त्याला." माणसाला एवढं पित्त होतं का? ऐकणाऱ्याला माहीत, सांगणारीला माहीत. तरी म्हणायचं. एकदा भर दुपारी पाण्याच्या चारीच्या कडेला पडला होता, तर मी त्याच्या डोक्याखाली पोतं सारलं, तोंडावर टॉवेल टाकला आणि शेजारी खुरपं ठेवलं. खुरपून दमलाय, झोपलाय, असं दिसावं म्हणून. जन्मात खुरपं हातात न धरलेला माणूस!

आणि कप. कपाचं सांगावं लागेल. सकाळी त्याचे हात थरथरायचे. किल्ली भोकात जायची नाही. भाजी उन्हात पडून राहायची, लोक बोंबलायचे. मग मीच ज्वारीच्या कोठीमागं लपवलेली बाटली काढायची, चहाच्या कपात ओतायची आणि बशीसकट त्याच्यापुढं ठेवायची. तो प्यायचा. हात थांबायचे. टेम्पो निघायचा. मला वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला. उज्वला — माझी सून — बघायची आणि भांडी घासायला बसायची.

उपाय केले नाहीत का? देवापुढं नारळावर हात ठेवून शपथ घेतली, ती पौर्णिमेपर्यंत टिकली. दारू सोडवायच्या एका केंद्रात ठेवला, तिथून गोरा होऊन आला आणि आला त्याच संध्याकाळी पिऊन आला. शेवटी मंडईत एका बाईनं कानात सांगितलं — इंदापूरच्या बाजारात एक झाडपाल्याचा माणूस बसतो, तो पुडी देतो. रोज चिमूटभर भाकरीच्या पिठात मळायची. दारू आपोआप नकोशी होते. फक्त पिणाऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

हे ध्यानात ठेवा. सांगितलं की गुण जातो.

बारामती सोडून इंदापूरला गेले ते पुडीसाठी, आणि खरं सांगायचं तर लाजेसाठीही. बारामतीत पावलापावलाला ओळखीचं माणूस. इंदापुरात मला कोण ओळखतंय? बाजारात तो माणूस सापडला. पुडी घेतली, पदराच्या गाठीत बांधली. मागंच एक गाद्या भरायचं दुकान होतं. दारात दाढीवाला एक जण कापूस झटकत होता. अंगावर, भुवयांवर, सगळीकडं कापूस. तो म्हणाला, "मावशी, नवऱ्यासाठी का पोरासाठी?"

मी म्हटलं, "तुमाला काय करायचंय?"

"काय न्हाय. माझ्या बायकोनं पण नेली व्हती याच्याकडनं. मी त्यावर प्यालो आन छाती धरून दवाखान्यात गेलो. मराया टेकलो व्हतो. दारू सुटली न्हाय ती न्हायच."

"मंग कशी सुटली?"

"या, बसा. पाणी पिता का?"

ते शब्बीरभाई. पिंजाऱ्याचं दुकान. बाजार उठला की त्या दुकानात दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं जमायची. अर्धवट भरलेल्या गाद्यांवरच बसायची. कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. एकेकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. फी नाही, औषध नाही, साहेब नाही. मला वाटलं, असल्या गप्पांनी कुणाची दारू सुटते का? पण त्यांचे हात बघत होते मी. गादीत सुई घालत होते आणि हात जराही हलत नव्हते. किती तरी वर्षांनी मी पिणाऱ्या माणसाचा स्थिर हात बघत होते.

घरी आले ती दोन गोष्टी घेऊन — पदरात पुडी, डोक्यात ते दुकान. पुडी उज्वलाला दाखवली. ती म्हणाली, "घालणार व्हय आत्या?" मी म्हटलं, "बघते."

सकाळी उठले आणि पुडी उकिरड्यात उपडी केली. वरून शेण टाकलं. शब्बीरभाईंची छाती डोळ्यापुढं येत होती. पोरगं पिऊन मरायचं ते माझ्या भाकरीनं मेलं तर? उज्वलाला हे मी सांगितलं नाही. तिनं परत विचारलं नाही. संतोषची भाकरी मी वेगळी थापायची, त्याला जाड लागायची — तिला वाटत राहिलं असेल, त्यात घालत असतील आत्या.

एवढंच. पुडीची गोष्ट इथं संपली होती. संपायला हवी होती.

संतोष पहिल्यांदा दुकानात गेला तो माझ्या शिव्या खाऊन. तिथून आला, गप जेवला, झोपला. दुसऱ्यांदा मी न सांगता गेला. तिसऱ्यांदा टेम्पो धुऊन गेला. खरंच जातो का बाहेर बसून येतो, हे मला कळायचं ते कापसावरून. कॉलरला, केसांत, कानामागं कापसाचे तंतू असायचे. मी ते काढायची आणि चुलीत टाकायची. माझ्या हाताला तेवढंच एक चांगलं काम होतं त्या दिवसांत. कपाची बशी सुटलीच होती.

पहिले दिवस वाईट गेले. घामानं भिजायचा, शिव्या द्यायचा, रानात चकरा मारायचा. शब्बीरभाईंना फोन लावायचा, आणि ते तिकडून काय सांगायचे कोण जाणे, हा इकडं "व्हय भाई, आजच्यापुरतं, आजच्यापुरतं" म्हणत बांधावर बसून राहायचा. मी लांबून बघायची. जवळ गेले नाही. मग हळूहळू तो जेवायला लागला. हसायला लागला. उज्वलाला मोगऱ्याचा गजरा आणला एकदा, तर ती मलाच विचारते, "आत्या, ह्यांना काय झालंय?"

वर्ष झालं. त्या दुकानात दारू सोडलेल्या दिवसाला वाढदिवस म्हणतात. घरच्यांनाही बोलावतात. आम्ही दोघी टेम्पोत त्याच्या शेजारी बसून गेलो. मी नवं लुगडं नेसले होते. गाद्या भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या, जिलबी आणली होती. संतोष पांढरा शर्ट घालून उभा राहिला आणि बोलायला लागला. कसा प्यायला लागला, कुठं कुठं पडला. खुरप्याचंही सांगितलं, लोक हसले, मीही हसले.

मग म्हणाला, "सकाळी माझी आई मला चहाच्या कपात दारू द्यायची. बशीत ठिवून."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. बघितलं असेल, नसेल — मला तरी वाटलं बघतायत. अनोळखी माणसं. त्यांच्या बायका. मी लुगड्याच्या काठाकडं बघत बसले. त्यापुढं तो म्हणाला होता, "आन मला हितं आणलं ते पण तिनंच. ती नसती तर मी हितं नसतो." हे उज्वलानं मला पुष्कळ नंतर सांगितलं. मी ऐकलंच नव्हतं. माझे कान कपापाशीच थांबले होते.

सगळ्या जन्माचं झाकणं. नवऱ्याचं झाकलं, ह्याचं झाकलं. आणि ह्यानं भर दुकानात माझंच उघडं केलं. असं वाटलं मला. खरंच तसं होतं का? नव्हतं. आज कळतं. पण त्या दिवशी टेम्पोत मी सांगवीपर्यंत एक शब्द बोलले नाही.

आता सांगते. आता पुढं ढकलायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. उज्वला त्याचा डबा भरत होती. तो भाकरी खाता खाता म्हणाला, "आई, कपाचा राग आला का गं? तितं खरं बोलावं लागतं. तेच औषध हाय आमचं." मी तव्यावरची भाकरी उलटली. तो खुशीत होता, गप्प बसवेना त्याला. "खरं सांगू? मलाच पटत न्हाय. एक वरीस. गोळी न्हाय, इंजेक्शन न्हाय. आपल्या जिवावर सोडली."

मी म्हटलं, "तुझ्या जिवावर न्हाय. माझ्या पुडीच्या जिवावर."

"कसली पुडी?"

"इंदापुरातनं आणलेली. रोज घालतीय तुझ्या भाकरीत. एक दीस चुकले न्हाय. मोठा आलाय बैठकीत आईची अब्रू काढणारा."

आधी तो हसला. मग उज्वलाकडं वळला. "व्हय गं?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. खोटं बोलणारी पोर नाही ती. म्हणाली, "आणली व्हती आत्यांनी. मी बघितलीय."

"आजच्या भाकरीत पण हाय?"

मी म्हटलं, "व्हय."

नव्हतं हो. काहीच नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, आदल्या दिवशी नव्हतं, कधीच नव्हतं. पुडी उकिरड्यातून खत होऊन वांग्याला गेली होती. आणि मी त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, व्हय.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मीही चिडले असते, भांडणात खरं निघालं असतं. तो चिडला नाही. हातातला तुकडा त्यानं ताटात ठेवला आणि त्याच्याकडंच बघत राहिला. म्हणाला, "मंग मी काय केलं?"

मला म्हणाला नाही. भाकरीला म्हणाला.

पुढच्या बाजारला तो इंदापूरला गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टेम्पो चालवत होता, जेवत होता. पीत नव्हता अजून. मी कॉलर बघायची, स्वच्छ असायची. त्याला एवढंच लागलं होतं — आपण तिथं उभं राहून सांगितलं की औषधाशिवाय सोडली, म्हणजे आपण खोटं बोललो. जिथं फक्त खरंच बोलायचं असतं तिथं. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. त्याच्याजवळ तेवढीच एक होती.

मग शब्बीरभाई स्वतः आले, एसटी बदलून. पुडीचं त्यांना संतोषनंच फोनवर सांगितलं होतं. ओट्यावर बसले. चहा घेतला. संतोष टेम्पोखाली घुसून काहीतरी पिळत बसला होता, बाहेर येईना. तर हेच खाली वाकून त्याच्याशी बोलायला लागले.

"आरं, खोटं बोललो म्हणतोस, तर आमच्यात तू पयला का? मी एकाच मामाला तीनदा मारलाय. दर मयतीला पिऊन आलोय. चौथ्यांदा मामाच दुकानात आला गादी भरून घ्यायला!"

टेम्पोखालून काही हसू आलं नाही.

"बरं, पुडी तर पुडी. दुकानापातूर चालत कोण आलं? पुडी आली का?"

"भाई, तुमी जावा," संतोष म्हणाला. "मला आता तितं बोलता यायचं न्हाय."

शब्बीरभाई माझ्याकडं आले. दारात उज्वला उभी होती. त्यांनी मला सरळ विचारलं, "मावशी, मी सांगून पण तुमी पुडी घातली? खरं सांगा. लय फरक पडतो त्यानं."

बघा. देवानं म्हणा, कुणी म्हणा, एवढा रस्ता मोकळा करून दिला होता. एक शब्द. "न्हाय." तो टेम्पोखाली ऐकत होता. हाताच्या अंतरावर.

आणि मी काय केलं असेल? सुनेपुढं मी खोटी पडते, पोरापुढं पडते, या परक्या माणसापुढं पडते — रागाच्या भरात लेकाशी खोटं बोलणारी म्हातारी. मी म्हटलं, "व्हय, घातली." वर असंही म्हटलं, "माझा लेक हाय, मी बघीन."

ते उठले. जाताना म्हणाले, "बंद करा मग. आन त्याला धाडा." चहाचा कप त्यांनी स्वतः विसळून ठेवला.

संतोष परत प्यायला लागला तेव्हा पहिले काही दिवस लपून प्यायचा. माझ्या मनात रोज यायचं — आज सांगते. भाकरी थापताना यायचं. तव्यावरून उतरली की जायचं. एकदा तो चुलीपुढं येऊन बसला, डोळे लाल, आणि म्हणाला, "आई, पुडी घाल गं. बंद का केलीस? घाल. म्या काय म्हणत न्हाय."

ही दुसरी वाट. तिसरी म्हणा. मी पीठ मळत होते. मी म्हटलं, "घातलीय."

त्यानं ती भाकरी सगळी खाल्ली. बारीक तुकडे करून, प्रसाद खावा तशी. बरेच दिवस खात राहिला. आणि पीत राहिला. काहीच झालं नाही, कारण व्हायला काही नव्हतंच. मग एक दिवस म्हणाला, "आता लागू व्हायची न्हाय. सांगितलं की गुण जातो म्हणत्यात. तू कशाला सांगितलंस गं?"

हा त्याचा राग बघा. मी पुडी घातली याचा नाही. सांगितलं याचा.

बारामतीच्या दवाखान्यात होता शेवटी. डोळे पिवळे, पोटात पाणी. उज्वला खाली औषधं आणायला गेली होती. खिडकीतून ऊन येत होतं, बाजूच्या खाटेवरचं माणूस झोपलेलं. आम्ही दोघंच. तो म्हणाला, "आई, ते एक वरीस लय बरं गेलं गं. पुडीनं का हुईना."

माझं तोंड उघडलं होतं. तुम्हाला वाटेल, तिथं तरी सांगितलं असेल. मरणाऱ्या माणसापुढं कसली अब्रू? कसली सून, कसलं गाव? मलाही तसंच वाटत होतं. मी त्याला म्हटलं, "पाणी देऊ का?" आणि चमच्यानं पाणी पाजलं.

तो त्यानंतर बोलला नाही. गेला.

उज्वला माझ्याजवळच राहते. माझं सगळं करते. कुणी आलं की सांगते, "आत्यांनी लेकासाठी लय केलं. चोरून पुडी घातली, म्हणून वरीसभर तरी सुटली व्हती." लोक मान हलवतात. आजूबाजूच्या बायका माझ्याकडं येतात, पदराखाली तोंड घालून हळूच विचारतात — मामी, ती पुडी कुठं मिळती? तुमच्या पोराला गुण आला व्हता म्हणं. मी त्यांना म्हणते, पुडी नको, इंदापूरला पिंजाऱ्याच्या दुकानात जा. का नको, ते सांगत नाही. एक-दोघी गेल्या. एकीचा नवरा सुटला. ती मला जिलबी घेऊन आली होती. ठेवून घेतली मी. तिचा नवरा बाहेर टेम्पो वळवत होता, आणि त्याच्या कॉलरला कापूस होता.

संतोषनं दारू त्याच्या जिवावर सोडली होती. हे त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. ते वर्षभर त्याची भाकरी मी माझ्या हातानं थापली. ज्वारीचं पीठ आणि पाणी. दुसरं काही नव्हतं तिच्यात.